चष्म्याची चिठ्ठी

(डोळे तपासून घेतल्यावर हाती येणारी नंबराची चिठ्ठी कशी वाचावी व तिच्याबरहुकूम चष्मा झाला आहे की नाही हे कसे पाहावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी मांजरी बुद्रुक हे गाव वसलेले आहे. उसावर संशोधन करणारी वसंतदादा साखर संस्था आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्ही संस्था याच परिसरात आहेत. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तथापि येथील जुन्या घरांतून सातबाराचा उतारा आजही जिवापाड जपला जातो. उताऱ्यात एका गुंठ्याची जरी चूक आढळली, तरी घरातील वडीलधारी मंडळी तलाठ्याकडे खेटे घालून ती दुरुस्त करून घेतात. विजेचे बिलही आपण आकडा पाहिल्यावाचून भरत नाही. परंतु एक कागद मात्र असा आहे, की जो मांजरीतच काय, महाराष्ट्रातील बहुतेक घरांत न वाचताच दुसऱ्याच्या हाती दिला जातो. तो कागद म्हणजे चष्म्याची चिठ्ठी. वास्तविक या चिठ्ठीत आपल्या दृष्टीचा हिशेब मांडलेला असतो, आणि तो समजण्यास तुम्ही शाळेत शिकता त्याहून अधिक गणित लागत नाही.

हा हिशेब न समजल्याने होणारी हानी लहान नाही. ज्या मुलाला फळ्यावरील अक्षर दिसत नाही, त्याला आपल्याला दिसत नाही हेही पुष्कळदा कळत नाही. सर्वांना जग असेच अंधुक दिसत असावे, अशी त्याची समजूत असते. तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेतो, उत्तर देताना चाचरतो आणि वर्गात 'ढ' ठरतो. पुढे तपासणी होऊन त्याला चष्मा मिळाला, तरी तो चुकीचा बनला असेल, तर डोके दुखते. मुलगा चष्मा दप्तरात टाकून देतो आणि घरची माणसे त्यालाच बोल लावतात. म्हणून चिठ्ठी वाचता येणे हे एक जीवनोपयोगी शिक्षणच होय.

चष्मा ही वस्तू आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. 'चष्मा' हा शब्द फारसीतून आला. त्या भाषेत 'चश्म' म्हणजे डोळा. वाचण्याच्या चष्म्याला जुनी माणसे 'चाळशी' म्हणत, कारण चाळिशीच्या सुमारास त्याची गरज भासू लागते. युरोपात इटली देशात तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मे तयार होऊ लागले. भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा शोध ज्यांनी घेतला, ते परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांची जोपासना करणारे थोर संशोधक होते. विजयनगरच्या राज्यातील आचार्य व्यासतीर्थ यांच्या सोमनाथकवीने लिहिलेल्या संस्कृत चरित्रात 'उपलोचनगोलक' असा शब्द येतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात आचार्य ग्रंथवाचनासाठी चष्मा वापरीत असत, असे त्यावरून दिसते. त्या काळी चिठ्ठी नव्हती. निरनिराळ्या काचा डोळ्यांपुढे धरून पाहायच्या आणि जिच्यातून बरे दिसेल ती घ्यायची, एवढीच रीत होती. आज नंबर मोजता येतो, आणि ते मोजमाप जीत लिहिलेले असते ती ही चिठ्ठी.

मांजरीतील एखाद्या शाळकरी मुलाच्या हाती पुढील चिठ्ठी आली आहे, असे समजू.

ओ. डी. — एस्. पी. एच्. −१.५०
ओ. एस्. — एस्. पी. एच्. −१.२५, सी. वाय्. एल्. −०.७५, अ‍ॅक्सिस १८०
पी. डी. — ५८

पहिली गोष्ट, डोळा कोणता हे पाहावे. 'ओ. डी.' ही लॅटिन भाषेतील 'ओक्युलस डेक्स्टर' या शब्दांची आद्याक्षरे असून त्यांचा अर्थ उजवा डोळा असा आहे. 'ओ. एस्.' म्हणजे 'ओक्युलस सिनिस्टर', अर्थात डावा डोळा. काही चिठ्ठ्यांवर त्याऐवजी 'आर्. ई.' व 'एल्. ई.' अशी इंग्रजी अक्षरे असतात. उजवा-डावा हा भेद चष्मा घालणाऱ्याच्या बाजूने करावयाचा असतो, समोरून पाहणाऱ्याच्या बाजूने नव्हे.

दुसरी गोष्ट, 'एस्. पी. एच्.' या खालचा आकडा. ही 'स्फिअर' या शब्दाची खूण होय. हा भिंगाचा मुख्य नंबर असून तो 'डायॉप्टर' या एककात देतात. हे एकक फेर्दिनां मोन्वाये या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ साली सुचविले. भिंगाचे नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन त्याने एकास भागले, की नंबर मिळतो. नाभीय अंतर अर्धा मीटर असेल तर नंबर २, आणि पाव मीटर असेल तर ४.

आकड्यामागील चिन्ह आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. उणे चिन्ह असल्यास भिंग अंतर्गोल असते. ते ज्याला जवळचे दिसते पण दूरचे दिसत नाही, त्याला देतात. अशा डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंग तिला मागे सारून पटलावर आणते. अधिक चिन्ह असल्यास भिंग बहिर्गोल असते आणि ते याच्या उलट दोषावर उपयोगी पडते. आपल्या चिठ्ठीतील −१.५० या आकड्यावरून आणखी एक गोष्ट कळते. एकास दीडने भागले असता सुमारे ०.६७ येतात, म्हणजे चष्म्यावाचून या मुलाच्या उजव्या डोळ्याला सुमारे ६७ सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. हातातील पुस्तक तो वाचू शकतो. पाच-सहा मीटरांवरचा फळा मात्र त्याच्या दृष्टीने धुक्यात बुडालेला असतो. या दीड नंबराला 'थोडासाच आहे' म्हणून दुर्लक्षिणे किती अन्यायाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

नंबर ०.२५ च्या पायरीने चढतो. येथे आपली मराठी भाषा मोठी उपयोगी पडते. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. तेच अपूर्णांक येथे अवतरतात: ०.२५ म्हणजे पाव, ०.७५ म्हणजे पाऊण, १.२५ म्हणजे सव्वा, १.५० म्हणजे दीड, १.७५ म्हणजे पावणेदोन आणि २.५० म्हणजे अडीच. दशांशचिन्हापुढे दोन अंक लिहिण्याची रीत यासाठीच पाळतात, की १.५० चे १५ होऊ नयेत. दूरध्वनीवरून नंबर सांगताना 'उणे दीड' असे चिन्हासह सांगावे. नुसते 'दीड' म्हटल्यास ऐकणारा अधिक समजेल, आणि मुलाला पहिल्यापेक्षाही अंधुक दिसू लागेल.

तिसरी गोष्ट 'सी. वाय्. एल्.' व 'अ‍ॅक्सिस' यांची. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग चेंडूसारखा सर्व बाजूंनी सारखा गोल असावा अशी अपेक्षा असते. परंतु कित्येकांच्या डोळ्यांत तो एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी वक्र असतो. मग बिंदू बिंदूसारखा न दिसता ओढल्यासारखा दिसतो. या दोषास दृष्टिवैषम्य म्हणतात. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली स्वतःच्याच डोळ्यातील हा दोष वर्णन करून सांगितला. त्यावर उपाय मात्र जॉर्ज एअरी या तरुणाने शोधला. त्याचा डावा डोळा वाचनास जवळजवळ निरुपयोगी होता. त्याने कागदास बारीक छिद्र पाडले आणि त्यातून येणारा प्रकाशबिंदू डोळ्यापासून पुढेमागे सरकवून पाहिला. एका अंतरावर तो बिंदू रेषेसारखा दिसे. दुसऱ्या अंतरावर पहिलीशी काटकोन करणारी दुसरीच रेषा दिसे. ही दोन्ही अंतरे व रेषांचा कल मोजून त्याने भिंगाचे गणित मांडले आणि दंडगोलाकार पृष्ठभाग असलेले भिंग कारागिराकडून घडवून घेतले. ही हकीकत त्याने १८२५ साली केंब्रिज येथे विद्वानांपुढे वाचली. पुढे हाच एअरी इंग्लंडचा राजज्योतिषी झाला. ज्या डोळ्यास लोक निकामी समजतात, तो केवळ न मोजलेला असू शकतो, हा एअरीच्या गोष्टीचा बोध होय.

सिलिंडरचा नंबर हा त्या दंडगोलाकार भिंगाची शक्ती सांगतो, आणि अक्ष, म्हणजे 'अ‍ॅक्सिस', ते भिंग कोणत्या दिशेने बसवावयाचे ते सांगतो. अक्ष १ ते १८० अंशांपर्यंत असतो. १८० म्हणजे आडवा आणि ९० म्हणजे उभा. सिलिंडरचा नंबर असेल तेथे अक्ष असलाच पाहिजे. तो नसल्यास चिठ्ठी अपुरी आहे असे समजून ती परत न्यावी. अक्ष ३० अंशांनी चुकला, तर त्या दंडगोलाचा सगळा लाभ नाहीसा होतो, आणि त्याहून अधिक चुकल्यास दोष कमी होण्याऐवजी वाढतो. ज्या डोळ्यास हा दोष नाही, त्याच्या पुढे ही दोन घरे रिकामी असतात, जशी आपल्या चिठ्ठीत उजव्या डोळ्यापुढे आहेत.

येथे एक चकवा आहे. समजा, याच मुलाच्या डाव्या डोळ्याची दुसऱ्या ठिकाणी तपासणी केली आणि तेथील चिठ्ठीवर '−२.००, +०.७५, ९०' असे आकडे आले. घरची मंडळी घाबरतील; सव्वाचा नंबर आठ दिवसांत दोन झाला असे त्यांना वाटेल. वास्तविक या दोन्ही चिठ्ठ्या एकाच भिंगाच्या आहेत! एके ठिकाणी सिलिंडर उणे चिन्हाने लिहिला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी अधिक चिन्हाने. रूपांतराचा नियम सोपा आहे. पहिले दोन आकडे चिन्हासह मिळवावेत: −१.२५ आणि −०.७५ मिळून −२.०० होतात. सिलिंडरचे चिन्ह उलटावे: −०.७५ चे +०.७५ होतात. अक्षात ९० अंशांचा फरक करावा: १८० चे ९० होतात. हे त्रैराशिकापेक्षाही सोपे गणित ज्याला येते, तो व्यर्थ चिंतेतून सुटतो.

घरातील आजोबांच्या चिठ्ठीवर 'अ‍ॅड' असा एक जादा शब्द आढळेल. इंग्रजीत त्याचा अर्थ 'मिळवा' असा आहे. वय वाढले की डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे वाचण्यास काही अधिक शक्ती लागते. दूरच्या नंबरात 'अ‍ॅड' मिळविला की वाचण्याचा नंबर येतो. आजोबांचा दूरचा नंबर −२.०० आणि अ‍ॅड +२.०० असेल, तर बेरीज शून्य होते. म्हणूनच ते वर्तमानपत्र वाचताना चष्मा काढून ठेवतात! 'म्हातारपणी आजोबांची नजर सुधारली' असे लोक कौतुकाने म्हणतात. खरे पाहता ती केवळ एक बेरीज आहे.

'पी. डी.' म्हणजे दोन बाहुल्यांमधील अंतर. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर नंबर बरोबर असूनही डोळ्यांवर ताण पडतो, आणि नंबर जितका मोठा तितका हा ताण अधिक. हे अंतर पुष्कळ चिठ्ठ्यांवर लिहिलेले नसते; ते चष्म्याच्या दुकानात मोजून घ्यावे लागते. वाढत्या वयातील मुलांत ते वाढत असते, म्हणून प्रत्येक नव्या चष्म्याच्या वेळी पुन्हा मोजावे. जुन्या चष्म्याचे माप चालवून घेऊ नये.

चिठ्ठीवर '६/६', '६/९', '६/१८' असेही आकडे असतात. पुष्कळ जण त्यांनाच नंबर समजतात. पण तो चष्म्याचा नंबर नव्हे. नेदरलँड्समधील हर्मान स्नेलेन या नेत्रवैद्याने १८६२ साली तयार केलेल्या अक्षरफलकावरील ती नजरेची नोंद आहे. ६/१८ याचा अर्थ असा, की निर्दोष डोळा जे अक्षर १८ मीटरांवरून ओळखतो, ते ओळखण्यासाठी या डोळ्यास ६ मीटरांवर यावे लागते. ६/६ च्या ओळीतील अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते, तर ६/६० चे अक्षर त्याच्या दहापट असते. चष्म्यासहित नजर किती होते, हे चिठ्ठीवर लिहून मागावे. नवा चष्मा घालून तेवढे दिसत नसेल, तर काही तरी चुकले आहे हे निश्चित समजावे.

आता चष्मा करावयास टाकताना घ्यावयाच्या काळजीविषयी थोडेसे. केवळ यंत्रातून निघालेल्या कागदावर चष्मा करू नये. यंत्राने सांगितलेला नंबर, प्रत्यक्ष भिंगे डोळ्यांपुढे घालून व अक्षरे वाचवून पडताळावा लागतो. मुलांच्या डोळ्यांतील भिंग फार लवचीक असल्याने ते यंत्रात पाहतानाही ताणले जाते आणि खऱ्यापेक्षा अधिक उणे नंबर दिसण्याचा संभव असतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ पुष्कळदा डोळ्यांत थेंब घालून तपासणी करतात. चिठ्ठीवर तारीख आहे की नाही ते पाहावे. मुलांची तपासणी निदान वर्षातून एकदा व्हावी. मांजरीहून हडपसरला गेल्यास पलीकडे महंमदवाडीत एच्. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. शिवाय भारत सरकारने १९७६ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय मुलांच्या दृष्टितपासणीचाही अंतर्भाव करण्यात आला.

तयार चष्मा हाती आल्यावर एक साधा प्रयोग करावा. चष्मा हातभर अंतरावर धरून त्यातून खिडकीच्या उभ्या गजाकडे पाहावे आणि चष्मा हळूहळू उजवीकडे-डावीकडे हलवावा. गज चष्म्याच्याच दिशेने सरकताना दिसला, तर भिंग उण्याचे. उलट दिशेने सरकला, तर अधिकाचे. मग चष्मा चाकासारखा थोडा फिरवावा. गज तिरका होताना दिसला, तर भिंगात सिलिंडरचा नंबर आहे. आपल्या चिठ्ठीप्रमाणे केलेल्या चष्म्यात हा तिरकेपणा डाव्या भिंगात दिसला पाहिजे, उजव्यात नव्हे. नेमके आकडे दुकानातील यंत्रावर मोजून दाखविण्याची विनंती करावी. चांगला दुकानदार त्यास कधीही नाही म्हणत नाही.

शेवटी समाजातील एका गैरसमजाविषयी. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, असे कित्येकांस वाटते. मुलींच्या बाबतीत तर लग्नाचा विचार करून चष्मा टाळला जातो. नंबर वाढतो तो मुलांचे डोळे वाढत असल्यामुळे, चष्म्यामुळे नव्हे. उलट, लहानपणी दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असून तो दुर्लक्षित राहिला, तर अधिक दोष असलेल्या डोळ्याकडून येणारी अस्पष्ट प्रतिमा मेंदू स्वीकारीनासा होतो. तो डोळा 'आळशी' बनतो, आणि वय वाढल्यावर उत्तम चष्म्यानेही त्याची दृष्टी पुरती परत येत नाही. जमिनीच्या उताऱ्यातील चूक दहा वर्षांनीही दुरुस्त होऊ शकते. डोळ्याची गेलेली वेळ मात्र दुरुस्त होत नाही.

म्हणून मुलांनो, घरात कोणाचीही चष्म्याची चिठ्ठी आली, की ती प्रथम तुम्ही वाचा, वहीत तारखेसह उतरवून ठेवा आणि आजी-आजोबांना समजावून सांगा. ज्ञानाचा उपयोग परीक्षेपुरता नसतो; आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढचे धुके दूर करण्याइतका तो जवळचा असतो.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चष्म्यास 'चाळशी' हे नाव का पडले?
(आ) चिठ्ठीतील 'अ‍ॅक्सिस' हा आकडा काय सांगतो? तो चुकल्यास काय होते?
(इ) '६/१८' आणि '−१.५०' या दोन नोंदींत कोणता फरक आहे?

२. कारणे द्या.
(अ) दीड नंबर असलेल्या मुलास पुस्तक वाचता येते, पण फळा दिसत नाही.
(आ) मुलांच्या प्रत्येक नव्या चष्म्याच्या वेळी बाहुल्यांमधील अंतर पुन्हा मोजावे.

३. गणित करा.
(अ) '+१.००, −०.५०, ९०' ही नोंद अधिक चिन्हाच्या सिलिंडरमध्ये लिहा.
(आ) दूरचा नंबर −१.०० व अ‍ॅड +२.५० असल्यास वाचण्याचा नंबर किती?

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
बोल लावणे, खेटे घालणे, जिवापाड जपणे, चाचरणे.

५. अंतर्गोल–बहिर्गोल याप्रमाणे परस्परविरुद्ध अर्थाच्या शब्दांच्या तीन जोड्या पाठातून शोधून लिहा.

६. उपक्रम : घरातील एका चष्म्यावर खिडकीच्या गजाचा प्रयोग करून पाहा. तुमचे अनुमान चिठ्ठीशी पडताळा आणि दहा ओळींत लिहा.